बार्शी लाईट आणि ‘कपात’ या शब्दाचा अर्थ

नोकरी सुटण्याला मराठी बोलींत शब्दांचा तोटा नाहीं. कोणाला घरीं बसविलें, कोणाला नारळ दिला, कोणाचा हिशेब चुकता केला. बोलणारा आपल्या मनांतल्या रागलोभाप्रमाणें शब्द निवडतो. ज्याची नोकरी गेली त्याच्या चुलीला या सर्व शब्दांचा अर्थ एकच. कायद्याला मात्र असें सैल बोलून भागत नाहीं. गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून काढून टाकणें ही बडतर्फी. कारखाना चालू आहे, पण कोळसा नाहीं, वीज नाहीं किंवा तयार मालाला गिऱ्हाईक नाहीं, म्हणून कांहीं दिवस कामगाराला फाटकावरून परत पाठविणें हा ‘ले-ऑफ’, म्हणजे तात्पुरती कामबंदी. माणसें गरजेपेक्षां जास्त झालीं म्हणून तीं कायमचीं कमी करणें ही कपात. सबंध धंदाच गुंडाळणें ही कारखानाबंदी. आणि कामगारांना नमविण्यासाठीं मालकानें फाटकाला कुलूप घालणें ही टाळेबंदी. (२०२० सालच्या साथींत मराठी वृत्तपत्रांनीं ‘लॉकडाऊन’लाहि टाळेबंदी हाच शब्द लावला. मालकाच्या कुलपाचें नांव अशा रीतीनें सरकारच्या कुलपाला मिळालें. भाषेच्या दृष्टीनें ही उसनवारी फारशी सोईची ठरली नाहीं.)

या पांच शब्दांतला फरक केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाहीं. प्रत्येक शब्दामागें देण्याघेण्याचा वेगळा हिशेब आहे. अडचणीच्या काळांत मालकानें जें केलें तें यांपैकीं कोणत्या नांवाखालीं येतें, यावर कामगाराच्या हातीं किती रुपये पडणार हें ठरतें. आणि कधीं कधीं एकहि रुपया पडत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतून निघालेल्या एका लहानशा रेल्वेच्या कामगारांना याचा जो अनुभव आला, त्यामुळें सगळ्या देशाचा कायदा बदलावा लागला. त्या रेल्वेचें नांव बार्शी लाईट.

दोन फूट सहा इंच रुंदीच्या रुळांवरची ही चिमुकली गाडी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें उभी केली. १८९५ सालीं भारतमंत्र्याबरोबर कंपनीचा करार झाला, आणि १८९७ सालीं बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी गांवापर्यंत गाडी धांवूं लागली. बार्शी ही कापसाची व गळिताच्या धान्याची मोठी पेठ. पण मुंबईहून मद्रासकडे जाणारा मोठा लोहमार्ग तिला बाजूला टाकून गेलेला. तोंवर माल बैलगाडीनें स्टेशनावर यावयाचा. कॅल्थ्रॉपचें म्हणणें असें होतें कीं, प्रत्येक आंसावरचें वजन पांच टनांच्या मर्यादेंत ठेवलें तर हलक्या रुळांवरूनहि भरपूर माल नेतां येतो. तें त्यानें करून दाखविलें. पुढें १९०६ सालीं हा मार्ग पंढरपुरास पोंचला, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस. एकंदर लांबी दोनशे मैलांच्या घरांत गेली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनीं ओसंडून वाहणारी ही गाडी दोन-तीन पिढ्यांच्या आठवणींत आहे. कंपनीची नोंदणी लंडनची, नफा तिकडच्या भागीदारांचा. पण इंजिन हांकणारा, कोळसा टाकणारा, रूळ तपासणारा, तिकिटें फाडणारा सारा परिवार या मार्गावरच्याच गांवांतून संसार मांडून राहिलेला.

करारांत सरकारला बारा महिन्यांची नोटीस देऊन रेल्वे विकत घेण्याचा हक्क होता. स्वातंत्र्यानंतर सरकारनें तो बजावला. डिसेंबर १९५२ मध्यें कंपनीला नोटीस मिळाली आणि १ जानेवारी १९५४ हा ताबा घेण्याचा दिवस ठरला. कंपनीनें आपल्या कामगारांना ११ नोव्हेंबर १९५३ रोजीं लेखी कळविलें कीं, ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर सर्वांची नोकरी संपेल; जे राजी असतील त्यांना सरकार नोकरींत घेऊं इच्छितें; अटी मागाहून कळविल्या जातील.

‘अटी मागाहून’ हे दोन शब्द कागदावर निरुपद्रवी दिसतात. परंतु वीस वर्षें गँगमन म्हणून राबलेल्या माणसानें नोव्हेंबरांत ते वाचले तर जानेवारींत आपण कोण असूं, हें त्याला घरीं सांगतां आलें नसतें. अटी डिसेंबरच्या मध्यावर आल्या. शेवटीं शेंकडा सुमारें ७७ लोकांना सरकारनें पूर्वींच्याच वेतनश्रेणीवर घेतलें. सुमारें २३ टक्के लोकांना थोड्या खालच्या श्रेणीवर घेतलें, पण त्या वेळचा प्रत्यक्ष पगार कमी केला नाहीं. सुमारें चोवीस लोकांनीं सरकारी नोकरी नाकारली. म्हणजे १ जानेवारीला बहुतेक माणसें त्याच स्टेशनावर, त्याच दिव्याच्या उजेडांत कामाला हजर होतीं. बदलला होता तो मालक.

आतां या नोटिशीच्या अठरा दिवस आधीं दिल्लींत काय घडलें होतें तें पाहिलें पाहिजे. १९५३ सालीं कापडाच्या गिरण्यांतून न विकलेल्या मालाचे ढीग पडले होते. गिरण्या एखाददुसरी पाळी बंद करतील आणि हजारों कामगार एकदम रिकामे होतील अशी भीति उत्पन्न झाली. तोंवर अशा प्रसंगीं कामगाराला काय मिळावें याचा देशव्यापी नियम नव्हता. कोठें गिरणीचे स्थायी आदेश, कोठें लवादाचा निवाडा, कोठें मालकाची मर्जी. वराहगिरी वेंकट गिरी तेव्हां मध्यवर्ती सरकारचे मजूरमंत्री होते. २४ ऑक्टोबर १९५३ रोजीं वटहुकूम निघाला, व लगेच त्याचें रूपांतर १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याच्या एका नव्या प्रकरणांत झालें.

त्या प्रकरणांत मालकाचें कर्तव्य प्रथमच मोजमाप करून सांगितलें गेलें. ज्या बिगरहंगामी कारखान्यांत पन्नास किंवा अधिक कामगार आहेत तेथें कामबंदीच्या दिवसांचा मूळ पगार व महागाईभत्ता यांच्या निम्मी रक्कम द्यावयाची. बारा महिन्यांत पंचेचाळीस दिवसांपर्यंत. कामगाराचें नांव हजेरीपटावर हवें, त्याची एक वर्षाची अखंड नोकरी झालेली हवी, आणि त्यानें रोज ठरल्या वेळीं कारखान्यावर येऊन तोंड दाखवावयास हवें. बदली कामगारांना वगळलें होतें, पण बदलीवाल्याची वर्षाची अखंड नोकरी भरली कीं तो बदलीवाला राहत नसे. पांच मैलांच्या आंत दुसरें योग्य काम देऊं केलें आणि तें नाकारलें तर भरपाई नाहीं. आणि कायमची कपात करावयाची तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागें पंधरा दिवसांचा सरासरी पगार. कपात करतांना शेवटीं आलेला आधीं जाईल, आणि पुन्हां भरती निघाली तर कमी केलेल्यांना प्रथम बोलवावें, असेंहि घातलें.

पंधरा दिवसांचा पगार म्हणजे मोठी संपत्ति नव्हे. तरी वीस वर्षें नोकरी झालेल्याला दहा महिन्यांचा पगार एकदम मिळण्याची ती हमी होती, आणि तोंवर अशी हमी कोणीं दिली नव्हती. येथें कपातीची व्याख्या फार उदार शब्दांत केली होती. शिस्तभंगाची शिक्षा वगळून, कोणत्याहि कारणास्तव मालकानें कामगाराची नोकरी संपविणें म्हणजे कपात. स्वेच्छेनें घेतलेली निवृत्ति, वयोमानाची निवृत्ति आणि सततचें आजारपण एवढे अपवाद होते. धंदा बंद पडणें हा त्यांत नव्हता.

बार्शी लाईटच्या कामगारसंघाचे अध्यक्ष के. एन. जोगळेकर होते. मुंबईच्या रेल्वे व गिरणी कामगारांचे ते जुने पुढारी, १९२९ सालीं सुरू झालेल्या मीरतच्या खटल्यांतले एक आरोपी. ‘कोणत्याहि कारणास्तव’ या शब्दांचें मोल त्यांच्या ध्यानांत आलें नसतें तरच नवल. कंपनीनें सर्वांची नोकरी संपविली, ती शिक्षा म्हणून नव्हे. तेव्हां ही कपातच, आणि वर्षामागें पंधरा दिवसांचा पगार कंपनीनें दिला पाहिजे, अशी मागणी वेतन-प्रदान कायद्याखालच्या अधिकाऱ्यापुढें करण्यांत आली. त्याच सुमारास बडोद्याच्या श्री दिनेश मिल्सनें धंदा बंद करून सर्व कामगारांना रजा दिली होती. तेथेंहि हाच वाद उभा राहिला. मुंबई हायकोर्टानें शब्द जसे होते तसे वाचले आणि कामगारांच्या बाजूनें कौल दिला.

कंपनीची बाजूहि ऐकण्यासारखी होती. तिनें रेल्वे आपण होऊन बंद केली नव्हती. सरकारनें करारान्वयें घेतली म्हणून तिच्याजवळ काम उरलें नव्हतें. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशीं नोकरी मिळाली. ज्याचा एक दिवसहि बुडाला नाहीं त्याला बेकारीची भरपाई कसली? आणि ती देणार कोण, तर जिच्याजवळून रेल्वेच गेली ती कंपनी! या प्रश्नाला सोपें उत्तर नाहीं. कामगारांच्या बाजूनें इतकेंच म्हणतां येईल कीं, ही भरपाई केवळ उद्यांच्या बेकारीची नसते, मागें झालेल्या नोकरीचीहि असते. तसें नसतें तर ती वर्षांच्या संख्येवर मोजली नसती.

दोन्ही प्रकरणें सुप्रीम कोर्टांत एकत्र चाललीं, आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजीं निकाल झाला. तो न्यायमूर्ति एस. के. दास यांनीं लिहिला. कोर्टानें म्हटलें कीं, कपात या शब्दाचा रूढ अर्थ चालू धंद्यांतील जास्त झालेलीं माणसें कमी करणें हा आहे. व्याख्या कितीहि रुंद असली तरी तिनें मूळ शब्दाचा आत्मा सोडलेला नाहीं. ‘कोणत्याहि कारणास्तव’ याचा अर्थ इतकाच कीं, माणसें जास्त कां झालीं याचें कारण कोणतेंहि असो. धंदाच उरला नाहीं तर जास्त कोण आणि कमी कोण? शेवटीं आलेल्यानें आधीं जावें, पुन्हां भरतींत जुन्यांना आधीं घ्यावें, हीं कलमें तर चालू धंद्यावांचून निरर्थकच होतात. म्हणून बार्शी लाईटची काय किंवा बडोद्याच्या गिरणीची काय, कपात झालीच नव्हती. अपिलें मंजूर झालीं आणि कामगारांचे दावे गेले.

व्याकरणाच्या कसोटीवर हा निकाल बळकट आहे हें मान्य करावयास हवें. शब्दाला त्याच्या शेजारच्या शब्दांवरून अर्थ द्यावा, हें शाळेंतल्या मुलांनाहि शिकवितात. परंतु त्यांतून निघणारा व्यवहार चमत्कारिक होता. शंभरांतले दहा कामगार काढणाऱ्या मालकानें दहांना भरपाई द्यावी, आणि शंभरच्या शंभर काढून फाटक बंद करणाऱ्यानें कोणालाच कांहीं देऊं नये! संकट जितकें मोठें तितकी जबाबदारी लहान, असा हा हिशेब झाला. कायदा करणाऱ्यांच्या मनांत तो खास नव्हता; पण मनांतलें कागदावर स्पष्ट उतरलें नव्हतें.

सरकारच्या हें लगेच लक्षांत आलें. २७ एप्रिल १९५७ रोजीं नवा वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षीं त्याचा कायदा झाला. कपातीचें कलम २५-एफ होतें. त्याच्या पाठीं मालक बदलल्यास काय करावें हें सांगणारें २५-एफएफ नव्यानें लिहिलें गेलें, आणि धंदा बंद झाल्यास काय करावें यासाठीं २५-एफएफएफ घातलें. अक्षरें वाचतांना कायदा अडखळत बोलतो आहे असें वाटतें. पण बोलला तें स्वच्छ बोलला. धंदा एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला आणि त्यामुळें नोकरी सुटली, तर कपातीप्रमाणेंच नोटीस व भरपाई द्यावी. मात्र कामगाराची नोकरी न तुटतां चालूं राहिली, अटी पूर्वींपेक्षां वाईट नाहींत, आणि पुढें कधीं कपात झाली तर जुनी नोकरीहि धरून भरपाई देण्यास नवा मालक बांधलेला आहे, अशा तिन्ही गोष्टी असल्या तर जुन्या मालकावर बोजा नाहीं. बार्शी लाईटच्या वादांत कंपनीचा जो खरा मुद्दा होता, तो असा न्यायानें सामावून घेतला गेला. त्याबरोबर गँगमनच्या मागच्या वीस वर्षांनाहि कोणीतरी उत्तरदायी झाला.

कारखानाबंदीलाहि कपातीचीच भरपाई लागू झाली. मालकाच्या ताब्याबाहेरच्या अपरिहार्य कारणानें धंदा बंद पडला असेल तर ती तीन महिन्यांच्या सरासरी पगारापेक्षां जास्त असूं नये, अशी सवलत ठेवली. पण तिच्याखालींच खुलासा जोडला कीं, नुसती पैशाची अडचण, तोटा किंवा न विकलेला माल सांचणें हीं अपरिहार्य कारणें समजलीं जाणार नाहींत. प्रत्येक मालक संकटांत हींच कारणें पुढें करतो, आणि बहुधा तीं खरींहि असतात. कायद्याचें सांगणें एवढेंच होतें कीं, व्यापारांतला तोटा हा व्यापाराचाच भाग आहे. हें कलम घटनेविरुद्ध आहे अशी तक्रार अहमदाबादच्या हाथीसिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनें केली. १९६० सालीं सुप्रीम कोर्टानें ती फेटाळली.

नव्या कलमांचा अंमल २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, धरण्यांत आला. बार्शी लाईटवाल्यांची नोकरी ३१ डिसेंबर १९५३ ला संपली होती. त्यांच्या खटल्यामुळें झालेला कायदा त्यांच्या पदरांत कांहीं टाकूं शकला नाहीं.

भरपाई किती हा एक प्रश्न, आणि ती कधीं द्यावयाची हा दुसरा. याचा निर्णयहि १९६० सालींच, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या प्रकरणांत झाला. येथें मालक कोणी शेटजी नव्हते, खुद्द मुंबई सरकार होतें. रेशनिंग संपल्यावर नागरी पुरवठा खात्यांतलीं माणसें रिकामीं झालीं. त्यांची सोय लावण्यासाठीं रुग्णालयांतल्या दोघां वॉर्डसेवकांना नोटीस देऊन कमी करण्यांत आलें. एकाची कपात टाळण्यासाठीं दुसऱ्याची कपात, असा हा प्रकार. सरकारनें म्हटलें कीं, रुग्णालय हा धंदा नव्हे, त्याला हा कायदा लागूच नाहीं. न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं निकालांत लिहिलें कीं लागू आहे. आणि पुढचा मुद्दा असा निकालांत काढला कीं, कपातीची भरपाई कामावरून काढतांना हातांत द्यावयाची असते, तें नंतर फेडण्याचें ऋण नव्हे. ती अट पाळली नसेल तर कपातच बेकायदा. ज्यांनीं ज्यांनीं पुढें ‘हिशेब सवडीनें करूं’ असें म्हटलें, त्यांना हा निकाल महाग पडला आहे.

कामबंदीविषयींहि असाच एक गैरसमज मालकवर्गांत रूढ होता. काम नाहीं तर पगार नाहीं, हा आपला उपजत अधिकार आहे असें पुष्कळांना वाटे. फायरस्टोन कंपनीच्या मुंबईंतील कारखान्यांत संप झाल्यावर, दिल्लीच्या कचेरींत पाठविण्यास टायर नाहींत म्हणून तेथल्या कांहीं कामगारांना १९६८ सालीं घरीं बसविलें. त्या कचेरींत पन्नास माणसें नव्हतीं, म्हणजे निम्म्या पगाराचा नियम तिला लागू नव्हता. मग कांहींच द्यावयाचें नाहीं काय? १९७६ सालीं सुप्रीम कोर्टानें उलटा प्रश्न केला: घरीं बसविण्याचा अधिकार मालकाला दिला कोणीं? करारांत नाहीं, स्थायी आदेशांत नाहीं, कायद्यांत नाहीं. तर तो नाहींच. निम्मा पगार ही मालकावर लादलेली शिक्षा आहे असें समजणाऱ्यांना या निकालानें दाखविलें कीं, जेथें तो नियम नाहीं तेथें सबंध पगाराचा दावा उभा राहूं शकतो.

त्याच १९७६ सालीं, आणीबाणींत, कायद्यानें आणखी एक पाऊल टाकलें. तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत कामबंदी, कपात वा कारखानाबंदी यांसाठीं सरकारची आगाऊ परवानगी आवश्यक झाली. येथपर्यंत कायदा मालकाला म्हणत होता, ‘कर, पण किंमत दे.’ आतां तो म्हणूं लागला, ‘आधीं विचार.’ मुंबईंतील एक्सेल वेअर या कपडे शिवणाऱ्या कारखान्यानें बंद करण्याची परवानगी मागितली. राज्य सरकारनें ती नाकारली. १९७८ सालीं सुप्रीम कोर्टानें कारखानाबंदीच्या परवानगीचें तें कलम घटनाबाह्य ठरविलें, कारण नकार देतांना सरकारनें कारणें सांगावीं अशीहि तजवीज त्यांत नव्हती. संसदेनें कलम सुधारून पुन्हां घातलें, मर्यादा शंभर कामगारांवर आणली, आणि १९८४ पासून तें अमलांत आलें.

मध्यें १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला होता. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. त्यानंतरच्या वर्षांत कित्येक गिरण्या रीतसर बंद न होतां नुसत्याच बंद राहिल्या. परवानगीचा कायदा पुस्तकांत होता. गिरणगांवांतल्या चाळींत मात्र थकलेल्या पगाराची आणि भविष्यनिर्वाह निधीची वाट पाहण्यांत वर्षें गेलीं. मालकाचे हात बांधणारा कायदा आणि कामगाराच्या हातांत पैसे पाडणारा कायदा, यांत दुसरा अधिक उपयोगाचा, असें मत या इतिहासावरून झालें तर तें चुकीचें म्हणतां येणार नाहीं.

१९८४ च्याच दुरुस्तीनें कामबंदीच्या कारणांत नैसर्गिक आपत्तीची भर पडली होती. तिची आठवण २०२० च्या मार्चमध्यें सर्वांना झाली. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला, आणि २९ मार्चला केंद्रीय गृहखात्यानें आपत्ति-व्यवस्थापन कायद्याखालीं हुकूम काढला कीं, बंदच्या काळाचा पगार कपात न करतां द्यावा. मालक विचारूं लागले: आपत्तींत कामबंदी होते आणि कामबंदीला निम्मा पगार, असें कायद्याचें पुस्तक म्हणतें, मग सबंध कोठून? प्रश्न तर्काला धरून होता. पण पुस्तकाप्रमाणेंच जावयाचें तर कामगारानें रोज फाटकावर येऊन हजेरी लावावयास हवी होती, आणि त्या दिवसांत घराबाहेर पाऊल टाकणाऱ्याला पोलीस परत धाडीत होते. १९५३ चा नियम न विकलेल्या कापडाचे ढीग डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेला. रस्तेच बंद होतील हें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें.

मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानें ३० एप्रिलला कारखानदारांना पगार देण्यास सांगितलें. कामावर न येणाऱ्यांचा प्रवासभत्ता व जेवणभत्ता वगळण्याची मुभा दिली, आणि जेथें बंदी उठली आहे तेथें बोलावूनहि जो येणार नाहीं त्याचा पगार कापतां येईल असें म्हटलें. गृहखात्याचा हुकूम १८ मेपासून मागें घेतला गेला. तो होता त्या सुमारें सात आठवड्यांच्या पगाराचें काय, हा वाद सुप्रीम कोर्टांत पोंचला; १२ जूनला कोर्टानें मालकांवर सक्तीची कारवाई करूं नये आणि दोन्ही पक्षांनीं वाटाघाटी करून मिटवावें असें सांगितलें. ज्यांच्यापाशीं वाटाघाट करण्याइतकी संघटना होती त्यांचें कांहीं ठरलें. ज्यांचें नांव कंत्राटदाराच्या वहींत होतें, ते तोंवर गांवची वाट चालूं लागले होते.

२०२० सालींच संसदेनें औद्योगिक संबंध संहिता संमत केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आणि १९४७ च्या कायद्याची जागा तिनें घेतली. आगाऊ परवानगीची मर्यादा शंभरांवरून पुन्हां तीनशे कामगारांवर गेली. कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठीं मालकानें आणखी पंधरा दिवसांचा पगार नव्या कौशल्याच्या निधींत भरावा आणि तो पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावा, ही नवी तरतूद. निम्मा पगार, पंचेचाळीस दिवस, वर्षामागें पंधरा दिवस हीं १९५३ चीं मापें तशींच राहिलीं. कपातीच्या व्याख्येंत ‘कोणत्याहि कारणास्तव’ हे शब्द तेथेंहि आहेत. आणि मालक बदलतांना जुनी नोकरी तुटलेली धरूं नये, ही १९५७ ची अट स्वतंत्र कलमांत घातलेली आहे.